इंग्लंडची राणी आणि माझी जिलबी

पंगतीत कुणी ‘इंग्लंडची राणी’ म्हणालं की माझी जिलबी हातातच राहते. इंग्लंडची वेगळी गादी १७०७ सालीच संपली, पुढची सगळी ग्रेट ब्रिटनची, हे सांगितल्याशिवाय मला मठ्ठा उतरत नाही. माझ्या शेजारचं पान बहुधा रिकामं असतं.

क्रिकेटबद्दल तर बोलायलाच नको, म्हणून बोलतो. ‘इंग्लंड’ म्हणून उतरतो तो संघ इंग्लंड आणि वेल्स या दोघांच्या मंडळाचा. खर्चाला दोन्ही आज्या, बारशात नाव मात्र एकीचंच! टोनी लुइस वेल्सचा, पण १९७२-७३ साली आपल्याकडे आला तो इंग्लंडचा कप्तान होऊन. स्कॉटलंडची चूल वेगळी. त्यांनी २०१८ साली एडिंबरोत याच इंग्लंडला धूळ चारली. आणि बॉडीलाइनवाला जार्डिन? आईबाप स्कॉटिश, जन्म आपल्या मलबार हिलवरचा. १९३३ साली भारतातली पहिली कसोटी बॉम्बे जिमखान्यावर झाली, तेव्हा इंग्लंडचा कप्तान तोच. म्हणजे पाहुण्यांचा कप्तान जन्माने मुंबईकर! माझं हे सांगून होईपर्यंत टीव्हीवरचा सामना संपलेला असतो.

माझी भाची, ताईची मुलगी, ग्लासगोत जन्मली, तिथेच वाढली. तिच्यापुढे मी बीबीसी ऐकून घोटलेलं इंग्रजी काढलं. “मामा, तू बातम्या देतोयस का?” म्हणाली. मी ती स्तुती धरून चाललो. तिच्या इंग्रजीत लहान ते सगळं ‘वी’, होकाराला ‘आय’, जमणार नाही ते ‘कॅने’. बाकीच्याला मी नुसती मान डोलावतो. ती स्वतःला बेधडक स्कॉटिश म्हणवते.

धाकट्या बहिणीचा मुलगा लेस्टरचा. जन्म तिथला, बोलणं तिथलं, शिव्यासुद्धा तिथल्याच. पण विचारलं तर ‘ब्रिटिश’ म्हणतो. ‘इंग्लिश’ म्हटलं की समोरचा हसून विचारतो, “ते ठीक, पण मूळचा कुठला?” पासपोर्ट दोघांचा एकच. एकीला गाव लगेच आपलं म्हणतं आणि दुसऱ्याने मात्र आजोबांचा पत्ता द्यायचा, याचा मला मनापासून संताप येतो. तेव्हा १७०७ वगैरे काही आठवत नाही.

दिवाळीच्या व्हिडिओ कॉलवर भाची त्याला म्हणाली, “मग ये की ग्लासगोला!”

“तिथे पाऊस फार पडतो,” तो म्हणाला.

मी घसा खाकरून दोन्हीकडच्या पावसातला फरक सांगायला घेतला. ताईने फोन भाऊजींकडे दिला.