वीस किलोचं लगेज

दापोलीला हर्णैच्या एसटीत चढलेल्या काटा-मिस्त्रीकडे पिशवी एवढीशी, पण ती उचलायला दोन माणसं लागली. आत बिडाची वजनं होती, एक दहाचं आणि दोन पाचाची. कंडक्टरनं विचारलं, "किती भरेल?" सामानाचं वजन सांगताना भलेभले चाचरतात, पण ज्याच्या वजनांवर सरकारी शिक्का, त्यानं खोटं बोलावं कसं? "वीस किलो," मिस्त्री म्हणाला. लगेजचं तिकीट निघालं.

मिस्त्री हर्णै बंदरावर बिघडलेला काटा बघायला निघालाय हे कळताच शेजारच्या काकांनी निदान करून टाकलं. "काटा पुण्यात सेट केलेला ना? मग कोकणात माल जड भरणारच."

मिस्त्री हसला खरा, पण काका चुकले नव्हते. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच, तिथं पृथ्वीची ओढ किंचित कमी. तिथं जुळवलेला काटा बंदरावर दहा किलोमागे ग्रॅमभर जास्त दाखवेल. मात्र तीस किलोचा बाजारी काटा बहुधा पाच-पाच ग्रॅमच्या उड्या मारतो; त्याला एवढ्याशा ग्रॅमचा पत्ताही लागत नाही.

आसूदची वळणं मिस्त्रीच्या विजेच्या धड्यात गेली. काट्याच्या पोटात लोडसेल असतो, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा आणि त्यावर चिकटवलेले स्ट्रेन गेज. वजन पडलं की ठोकळा डोळ्यांना दिसणार नाही इतका वाकतो आणि गेजचा विद्युतरोध बदलतो. बहुतेक सेलना चार तारा. लाल-काळ्यातून समजा पाच व्होल्ट आत, हिरव्या-पांढऱ्यातून उत्तर बाहेर. उत्तर तरी केवढं? पुरं ओझं लादलं तरी जेमतेम दहा मिलिव्होल्ट! खारा दमटपणा तारांत शिरला की शून्यावर बसलेला आकडा आपल्या मनानं फिरायला निघतो. तारा सोडवून लाल-काळ्यात चारशेच्या आसपास आणि हिरव्या-पांढऱ्यात साडेतीनशे ओहम मिळाले, तर निदान तार तुटलेली नाही. रंगांचा मात्र भरवसा नको, ते कंपनीगणिक बदलतात.

काका केव्हाच घोरत होते.

हर्णैला समोर सुवर्णदुर्ग, वाळूवर लिलावाचा गलका आणि कडेला सुरमई घेऊन बसलेली मावशी. "आकडे दिसतात रे, पण काटा वजन खातो."

मिस्त्रीनं नवाकोरा मल्टिमीटर काढला. सहा व्होल्टची दमलेली बॅटरी काटा बंद असताना तब्येत छान दाखवते, म्हणून त्यानं ती काटा चालू ठेवून मोजली. ६.१ व्होल्ट. बॅटरी निर्दोष. पाचाचं वजन ठेवलं, बरोबर पाच. दहाचं ठेवलं, तर नऊ किलो साडेसहाशे! आता काटा खोलायचा, म्हणजे सील तुटणार. मग वैधमापन निरीक्षकाकडून फेरपडताळणी आणि नवा शिक्का. मिस्त्री हे सारं समजावून सांगत असताना मावशीनं वरचं तबक सरळ उचललं.

खालच्या चौकटीत शिंपल्याचा तुकडा अडकला होता. हलक्या मालाला त्याचा अडथळा नव्हता. पाच किलोच्या पुढे मात्र चौकट त्यावर टेकायची आणि वरच्या भारातला थोडा हिस्सा लोडसेलपर्यंत पोचायचाच नाही. मल्टिमीटरच्या दोन्ही काड्या हातात धरून मिस्त्री तुकड्याकडे बघत राहिला. मावशीनं तो नखानं काढला. दहाचे दहा भरले.

"म्हणजे सकाळपासून मोठ्या गिऱ्हाइकांना मी फुकट मासळी वाटली?" मावशीचा आवाज चढला. तेवढ्यात सात किलोच्या सुरमईसाठी थांबलेलं गिऱ्हाईक पुढं झालं.

"मिस्त्री, तो तुकडा परत ठेवा, माझं एवढं होऊ द्या. मग काढा पुन्हा."