हिरव्या पेनाचा साहेब

जानेवारीत सीए इंटरची परीक्षा होते, मार्चच्या सुरुवातीला निकाल लागतो आणि महिनाअखेरीला पुण्याच्या सदाशिव-नारायण पेठेतल्या जिन्यांवर नव्या बुटांचा आवाज येऊ लागतो. हा नवा आर्टिकल, म्हणजे सीएच्या ऑफिसात उमेदवारी करणारा विद्यार्थी. वय वीस-एकवीस, शर्ट कडक इस्त्रीचा, सॅकमध्ये लॅपटॉप, कॅसिओचा बारा आकडी कॅल्क्युलेटर आणि आईने दिलेला डबा. दोन्ही ग्रुप, सहाच्या सहा पेपर काढलेले. ऑडिटची मानकं क्रमांकासकट पाठ : पुराव्याचं 500, बाहेरून खातरजमा करून घेण्याचं 505. अशा विद्वानाला सर पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारतात.

"टू-व्हीलर आहे ना?"

आहे म्हणाला की पुढचं काम ठरलं. क्लायंटची सही आण, बँकेतून स्टेटमेंट आण, नोटरीचा शिक्का मारून आण. मधल्या वेळात झेरॉक्सच्या मशीनपुढे उभं राहायचं आणि फायलींना भोकं पाडायची. 505 क्रमांकाचं मानक प्रत्यक्षात म्हणजे चाळीस पाकिटांवर पत्ते चिकटवणं असतं, हे पुस्तकात कुठेही लिहिलेलं नसतं.

सीए इन्स्टिट्यूटने 2023 मध्ये आर्टिकलशिप तीन वर्षांवरून दोनवर आणली. वर्षाला बारा रजा. कामाचे तास नियमाने आठवड्याला 35, जेवणाची सुट्टी वगळून. हा 35 चा आकडा आर्टिकल आईवडिलांना दाखवतो, कारण दाखवण्याखेरीज त्याचा दुसरा उपयोग नाही. स्टायपेंड किती द्यायचा याची खालची मर्यादा शहराच्या लोकसंख्येवरून ठरलेली असते आणि पुष्कळ ऑफिसं ती खालची मर्यादा मोठ्या भक्तिभावाने पाळतात. पेट्रोल आणि चहा एवढ्यातच ती संपते. हे चांगलं नाही, पण सर स्वतः आर्टिकल असताना त्यांना याहूनही कमी मिळत होतं, आणि तेवढं कारण सरांना पुरतं.

एप्रिल उजाडला की मात्र त्याचं नशीब फळफळतं. बँक ऑडिट! सर, एक सीनियर आणि हा, असे तिघे माण नाहीतर जत तालुक्यातल्या एखाद्या शाखेत दाखल होतात. काल ऑफिसात चहा सांगायला खाली धावणाऱ्या पोराला इथे शाखाधिकारी उठून खुर्ची देतात. "या साहेब. पोहे घेणार की उपमा?" मुलगी असेल तर "मॅडम". टेबलावर कर्जाच्या फायलींची चळत. आर्टिकल खिशातून हिरवं पेन काढतो. त्या पेनची टोपी उघडताना त्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते सरांच्याही चेहऱ्यावर वीस वर्षांत आलेलं नाही.

फायलीत सातबारा, आठ-अ, पिवळट पडलेला फोटो, दोन जामीनदारांच्या सह्या. पुण्याच्या पोराने सातबारा प्रथमच पाहिलेला असतो, त्यामुळे तो आधी उलटा धरतो, मग सुलटा धरून मान डोलावतो. तासाभराने त्याला घबाड सापडतं. पहिल्या फायलीतला कर्जदार तिसऱ्या फायलीत जामीनदार आहे, आणि तिसरीतला कर्जदार पहिलीत! संगनमत! तो दबक्या आवाजात सीनियरला सांगतो, मग न राहवून शाखाधिकाऱ्यांना विचारतो. ते थंडपणे म्हणतात, "गावात सगळेच एकमेकांना जामीन असतात, साहेब. बाहेरचा कोण येणार?"

तेवढ्यावर तो थांबत नाही. हप्ता 90 दिवसांवर थकला की खातं एनपीए, हे त्याला पाठ आहे. तो हिरव्या पेनाने फुल्या मारत सुटतो. अकरा खाती झाल्यावर सीनियर डोकावतो. त्यातली आठ पीककर्जाची निघतात. तिथे दिवस नव्हे, हंगाम मोजतात. कमी मुदतीच्या पिकाला दोन हंगाम थकावे लागतात. आठ फुल्यांवर व्हाइटनर फिरतो. उरलेल्या तीन मात्र खऱ्या निघतात, आणि त्या तीन खात्यांसाठी शाखाधिकारी दुपारच्या थाळीत एक गोड पदार्थ वाढवतात. सर गोड खातात आणि तिन्ही खाती एनपीएत टाकतात. हे पाहून आर्टिकल जे शिकतो, ते कोचिंग क्लासला शिकवता येत नाही.

मे महिन्यात पुन्हा जमिनीवर. भवानी पेठेतल्या लाकूडवाल्याकडे व्हाउचिंग. पोटमाळा, पंखा एक आणि तोही दिवाणजींच्या डोक्यावर. गठ्ठा सोडायचा, व्हाउचर आणि एंट्री ताडून टिक मारायची. हमाली 9,900. भाडं 9,950. दुरुस्ती 9,900. सगळ्या गावाचे खर्च दहा हजारांच्या उंबऱ्याशी येऊन कसे काय थांबतात, याचा उलगडा त्याला तिसऱ्या गठ्ठ्याला होतो : एका माणसाला एका दिवसात दहा हजारांच्या वर रोख दिले, तर आयकरात तो खर्च सहसा धरत नाहीत. 2017 पर्यंत ही मर्यादा वीस हजार होती. दिवाणजी जुने गठ्ठे काढून देतात, तर त्यांत हमाली 19,900.

दिवाणजींचं वय सत्तरीपुढे. टॅली त्यांनी पन्नाशीनंतर शिकलेली, पण एफ-5 ला पेमेंट आणि एफ-7 ला जर्नल हे बोटांना माहीत. एका पार्टीच्या खात्याचा ताळा जमत नाही, 1,800 चा फरक येतो. आर्टिकल दीड दिवस एक्सेलमध्ये नाना सूत्रं लावून बघतो. दिवाणजी सुपारी कातरत विचारतात, "नऊने भाग जातो का?" जातो. "मग आकडा उलटा पडलाय कुठेतरी." 4,200 चं बिल 2,400 ने चढवलेलं निघतं. हा ठोकताळा इंटरच्या सहा पेपरांपेक्षा जास्त वर्षं कामाला येणार आहे, पण त्याला मार्क नाहीत.

आणि दर महिन्याला जीएसटी. 11 तारखेला विक्रीचा तपशील, 20 ला कराचा भरणा. बाहेरच्यांना वाटतं, यात हिशेबाचं काम असेल. खरं काम ओटीपीचं. ओटीपी क्लायंटच्या मोबाइलवर जातो आणि क्लायंट त्या वेळी हमखास लग्नात असतो. "काका, मेसेज आला का? नाही, तो बँकेचा. सहा आकडी. काका, तो मघाचा झाला, आता नवीन आला असेल तो सांगा." पलीकडे बँड वाजतोय. काका आकडे सांगतात, ते नेमके जुने असतात. 20 तारखेच्या संध्याकाळी साऱ्या महाराष्ट्रातले आर्टिकल हेच संभाषण करत असतात.

घरी याचा परिणाम दिसू लागतो. लग्नाच्या हॉलवर जेवणाआधी तो आचाऱ्याला जीएसटी नंबर विचारतो. आईच्या डब्यातल्या किराणा बिलांना टॅग लावतो. मामा जुन्या कररचनेत आहेत आणि घरभाड्याची सवलत हवी म्हणून आजोबांना भाडं देत असल्याचं दाखवतात. भाचा विचारतो, "भाडं बँकेतून देता का? पावती? पाच हजारांच्या वर पावतीला एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टँप लागतो, मामा. आणि वर्षाला लाखाच्या वर भाडं असेल तर आजोबांचा पॅन. शिवाय ते त्यांच्या रिटर्नमध्येही दाखवावं लागेल." आजोबा वर्तमानपत्र बाजूला ठेवतात. भाड्याची गोष्ट त्यांनी प्रथमच ऐकलेली असते.

त्याच मामांचा फोन 30 जुलैला रात्री साडेदहाला येतो. आर्टिकल ऑफिसातच असतो. वडापावचा कागद कीबोर्डवर, आयकर पोर्टलवरचं चक्र फिरतंय, समोर बावीस रिटर्न बाकी. "अरे, पाच मिनिटांचं काम आहे," मामा म्हणतात. "फॉर्म 16 कुठेतरी आहे, शोधून पाठवतो."

फॉर्म 16 कंपनीने 15 जूनपर्यंत द्यायचा असतो. तेव्हा तुमच्या नात्यात किंवा सोसायटीत असा एखादा आर्टिकल असेल, तर फॉर्म हाती पडला की त्याच आठवड्यात त्याला गाठा. सोबत बँकेच्या व्याजाचे आकडे न्या, म्हातारीच्या ठेवीचेसुद्धा. आणि काम झाल्यावर नुसतं "हुशार आहे हो पोरगा" म्हणून उठू नका. तो नको नको म्हणेल. पेट्रोलचे तरी द्या.