शहाणा प्रवास, पुणेरी नियोजन

पुणेकरांनी गाडी घरी ठेवून शहाणपणाने प्रवास करावा, अशी नियोजनकर्त्यांची फार इच्छा आहे. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने बजावले होते की, रस्ता वाहनांसाठी नव्हे, माणसांसाठी आखा. त्याच वर्षी डिसेंबरात कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटी, म्हणजे जलद बससेवा, धावू लागली. बससाठी राखीव मार्गिका आखली, तिचा पहिला लाभ दुचाकीस्वारांनी घेतला. पुढे नगर रस्त्यावरची बीआरटी तर उखडूनच टाकली. कारण? बसमुळे म्हणे कोंडी होते! एकेकट्याने मोटार हाकणाऱ्यांमुळे ती होत नाही, हे तर उघडच आहे.

कोंडीवर आपल्याकडे एकच रामबाण औषध: उड्डाणपूल. विद्यापीठ चौकातला पूल २०२० मध्ये पाडला, तो मेट्रोसह दुमजली पूल बांधायला. रोग हटला नाही, तर मात्रा दुप्पट.

२०१७ मध्ये भाड्याच्या सायकली आल्या, आल्या तशा गेल्या. २०१८ मध्ये महापालिकेने सशुल्क पार्किंगचे धोरण मंजूर केले. मग मतदारांची आठवण झाली आणि धोरणच पार्क झाले. २०२२ मध्ये मेट्रो आली. स्थानकातून उतरून घरी चालत निघावे, तर फुटपाथवर दुचाक्या विसावलेल्या.

लोकांची मानसिकता बदलण्याच्या कार्यशाळा आता पुरे. वेळेवर बस, मोकळा फुटपाथ आणि रस्त्यावर गाडी लावण्याचे रोख भाडे एवढे आधी द्या. शहाणपण पुणेकरांकडे मुबलक आहे; ते शिकवायचीही सोय आहे.