चेन काळी, सल्लागार फार

भिवंडीत सायकलची चेन काळी करायला ती चालवावी लागत नाही. दारात उभी केली तरी पुरतं. धामणकर नाक्याची धूळ, अंजूरफाट्याकडे निघालेल्या ट्रेलरांचा धूर आणि यंत्रमागांतून उडणारे सुताचे तंतू, सगळे मिळून तेलकट चेनवर बसतात. काही दिवसांत तिच्यावर असा काही थर जमतो की थंडीत सायकलला वेगळा स्वेटर नको.

हा थर काढायला डिग्रीजर कोणता घ्यावा, असं मी गल्लीत सहज विचारलं. प्रत्येकाने आपापल्या धंद्यातलं द्रव पुढे केलं. गॅरेजवाला म्हणाला, पेट्रोल. रंगारी म्हणाला, थिनर. टेम्पोवाल्या मामांचा डिझेलवर विश्वास. आईने रेशनच्या निळ्या रॉकेलची आठवण काढली. रॉकेल खरंच उत्तम, पण रेशनवर ते दिसेनासं झालं, त्यामुळे तो सल्ला इतिहासात जमा. बायकोने भांड्यांचा साबण सुचवला आणि लगेच स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

पेट्रोल चेन झटक्यात साफ करतं हे खरं, पण ज्या गल्लीत हवेतही सूत तरंगतं आणि दर कोपऱ्यावर कुणीतरी विडी ओढत उभा असतो, तिथे ते उघड्या वाडग्यात ओतायची माझी छाती झाली नाही. सर्वांत धोकादायक सल्ला संडास धुण्याच्या ॲसिडचा होता. त्याने चेन लखलखते, पण पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होतं. अशी चेन मग घरासमोर तुटत नाही, उड्डाणपुलाच्या चढावरच तुटते.

शेवटी संत्र्याच्या सालीतल्या लिमोनीनचा डिग्रीजर ऑनलाइन मागवला. मोबाइलवर कळलं की बाटली मानकोलीच्या गोदामात, म्हणजे माझ्यापासून रिक्षाच्या अंतरावर पोहोचली आहे. तिथून ती ठाण्याला गेली, बहुधा पाहुणचार घ्यायला, आणि मग सावकाश भिवंडीत परतली. अर्ध्या महाराष्ट्राची पार्सलं आमच्या गावात मुक्कामाला असतात. गावकऱ्यांना मात्र ती रांगेतूनच मिळतात.

आता इतिहास. आपण सायकलला लावतो ती बुश-रोलर चेन हान्स रेनॉल्डने 1880 मध्ये मँचेस्टरमध्ये पेटंट केली. त्याच्या आदल्याच वर्षी त्याने शेजारच्याच सॅलफर्डमधला कापडगिरण्यांच्या यंत्रांसाठी चेन बनवणारा छोटा कारखाना विकत घेतला होता. म्हणजे चेनचं माहेर कापडधंद्यातच. भिवंडीला मँचेस्टर म्हणायची पद्धत आहे (इचलकरंजीकरांनी हे वाक्य वाचू नये), तेव्हा चेन आमच्याकडे आली की अंगावर सूत घेऊन बसते, त्यात नवल नाही.

म्हणूनच खरे जाणकार शेजारच्या लूमवरचे जॉबर अण्णा निघाले. मी चेन काढून झाकणाच्या बरणीत डिग्रीजरसोबत खळखळ हलवत होतो. काळं पाणी ओतून टाकून पुन्हा नवं घालत होतो. अण्णा शांतपणे बघत होते. चेन धुऊन, कोरडी करून, परत सायकलवर चढवून मी वरून तेलाची धार धरणार, तेवढ्यात त्यांनी हात धरला.

‘‘कापडावर तेल पडलं तर शेठ काय करतो?’’

‘‘पैसे कापतो.’’

‘‘मग? तेल आत पाहिजे. बाहेर दिसलं ते वाया.’’

झीज खरोखर आतच होते, पिन आणि बुशच्या मध्ये. तेल तिथे मुरायला हवं. बाहेर राहिलेलं तेल फक्त धूळ गोळा करतं, आणि तेल-धुळीचा तो लगदा पॉलिश पेपरसारखा पोलाद घासत राहतो. प्रत्येक रोलरवर एक थेंब, थोडा वेळ पेडल उलटं फिरवायचं, मग बाहेरचं सगळं पुसून घ्यायचं. पुसायची चिंधीसुद्धा अण्णांनीच निवडली. पॉलिस्टरची त्यांनी हातानेच ओळखून फेकून दिली. सुती चिंधी वजनावर मिळते. या बाबतीत भिवंडीकर जगातल्या कुठल्याही सायकलपटूपेक्षा श्रीमंत आहे.

शेवटी अण्णांनी कोऱ्या मांजरपाटाचा तुकडा चेनवरून ओढला आणि उजेडात धरला. एक पुसट करडी रेघ उमटली होती.

‘‘सेकंड क्वालिटी,’’ त्यांनी निकाल दिला.

भिवंडीत सेकंडच्या मालालाही गिऱ्हाईक असतं, एवढ्यावर मी समाधान मानलं.