धर्मराज चढत होते

"मामा, पांडवांच्या शेवटच्या ट्रेकला कुत्रा होता की नाही?" भाच्याने फोनवर विचारलं आणि मी ओळखलं, हा दिवाळीला एकटा येत नाही.

भाचा पुण्याचा. पगार संगणकात, जीव सह्याद्रीत. सांधण दरी तो इतक्या वेळा उतरलाय की तिथल्या साम्रद गावच्या लोकांनी त्याचं नाव रेशनकार्डावर चढवलं असतं तरी चाललं असतं. हल्ली त्याला कॅन्यनिअरिंग लागलंय. म्हणजे ओढ्याच्या पोटात शिरायचं आणि ओढा नेईल तसं जायचं. तो वाहील तिथे चालायचं, साचेल तिथे पोहायचं, आणि त्याने कड्यावरून उडी घेतली की आपण दोराला लोंबकळत खाली यायचं. आमच्या वेळी पुरात सापडलेल्या माणसाला हे सगळं फुकट मिळायचं.

अमेरिकेत युटा राज्यात तांबड्या दगडांच्या अरुंद घळी आहेत. तिथले हौशी लोक कुत्र्यांनासुद्धा पट्टे बांधून दोरावरून उतरवतात. त्याचे व्हिडिओ बघून भाच्याने ब्रूनोसाठी हार्नेस मागवला होता. पाठीवर धरायला मूठ, पोटाखाली गादी, वर पायात घालायला चार बूट. ब्रूनो जातीने लॅब्राडॉर, वजन बत्तीस किलो, स्वभावाने जावई.

पुण्याहून आमचं गोंदिया म्हणजे आठशे किलोमीटरच्या वरचा पल्ला. रेल्वेत कुत्रा न्यायचा तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे घ्या, नाहीतर त्याला गार्डाच्या डब्यातल्या पेटीत बसवा. पेटी ऐकून तोंड वाकडं झालं ते भाच्याचं. ब्रूनोला कुणी विचारलं नव्हतं. शेवटी स्वारी गाडीने आली. मागच्या सीटवर ब्रूनो आडवा आणि दोर, हेल्मेटं, कॅराबिनर भाच्याच्या शेजारी. ब्रूनोसाठी खास गोळ्यांचं पोतंही आलं होतं. आमच्या सौ.ने पोतं हुंगलं, बाजूला ठेवलं आणि गरम भाताचं ताट समोर सरकवलं. धानाच्या जिल्ह्यात पाहुण्याने भात सोडून दुसरं काही खाणं आमच्याकडे बसत नाही. त्यानंतर पोतं पुण्याला परत जाईपर्यंत कुणी उघडलं नाही.

"हाजरा फॉलवरून उतरू," भाचा म्हणाला.

गोंदियाहून आमगाव, सालेकसा करत दरेकसाला जायचं. हलक्या धानाची कापणी लागली होती, बांधाबांधावर विळे चालले होते. सालेकशाच्या पुढे सपाट मुलूख संपतो, डोंगर रस्त्याला खेटतात आणि मुंबई-हावडा लोहमार्ग बोगद्यात शिरतो. हाजरा इथेच, दरेकसा स्टेशनाच्या अंगाला. डब्यातली माणसं खिडकीतून मान काढून धबधबा शोधतात. निम्म्यांना तो दिसायच्या आत बोगदा येतो, आणि मग ती डोंगरगडपर्यंत आपल्याला दिसला असं सांगत बसतात.

फाटकावरच्या माणसाने आधी ब्रूनोकडे पाहिलं, मग त्याच्या बुटांकडे, मग माझ्याकडे. सगळ्यात जास्त वेळ माझ्याकडे.

"ह्याले इथं कायले आनलं जी?"

"धबधब्यावरून उतरवायला," भाचा अभिमानाने म्हणाला.

"बिबट्याले कुत्रा गजब आवडते," तो शांतपणे म्हणाला आणि पुढच्या गाडीकडे वळला.

धबधब्यावर परवानगीशिवाय दोर लावता येत नाही, हेही त्याने जाता जाता सांगितलं. मग भाच्याची नजर कचारगडच्या डोंगराकडे गेली. तिथे मात्र मी मामाचा आवाज काढला. कचारगडची गुहा हे गोंड समाजाचं मूळस्थान. माघ पौर्णिमेला अनेक राज्यांतून लोक तिथे नमस्काराला येतात. देवाच्या दारात कुत्रा लोंबकळवायचा नाही, बस्स. नागझिऱ्याचं तर नावच नको. नवेगाव-नागझिरा 2013 पासून व्याघ्र प्रकल्प आहे, पाळीव कुत्र्याला तिथे मज्जाव, आणि तो योग्यच. कुत्र्यांचा डिस्टेंपर रोग रानात पसरला की काय होतं ते 2018 मध्ये गीरच्या सिंहांनी भोगलंय. शिवाय नागझिऱ्याची स्वतःची रानकुत्री आहेत. ती कळपाने घळी उतरतात आणि हार्नेस मागवत नाहीत.

राहता राहिला एका ओळखीच्या शेतामागचा नाला. पाण्याची बारीक धार, दोन पुरुष उंचीचा खडक, खाली कमरेएवढा डोह. भाच्याने वरच्या येनाच्या झाडाला दोर दुहेरी घातला आणि मला शास्त्र शिकवलं. दोर दुहेरी का, तर खाली उतरल्यावर एक टोक ओढलं की तो सगळा खाली येतो आणि पुढच्या कड्याला कामी पडतो.

"पण मग वर कसं यायचं?"

"यायचंच नाही, मामा. दोर ओढला की परतीची वाट बंद. खरी मजा त्यातच आहे."

मी ब्रूनोकडे पाहिलं. त्याला ही मजा कुणी समजावली असेल असं वाटेना. आणि तेव्हा मला धर्मराजांच्या कुत्र्याचं उत्तर सापडलं. एक तर तो आपणहून मागे आला होता. दुसरं, पांडव चढत होते. चढायचं कुत्र्याला वावडं नाही. नेपाळात मेरा नावाची एक भटकी कुत्री गिर्यारोहकांच्या मागे मागे 2018 मध्ये बारुंत्से शिखरावर, 7,129 मीटरवर जाऊन पोचली होती. उभ्या कड्यावरून खाली बघायची वेळ आली की कुत्रा विचार करू लागतो. आणि तिसरं, महाप्रस्थानाला परतीचा प्रश्नच नव्हता. इथे भाच्याला सोमवारी ऑफिस होतं.

ब्रूनोला भाच्याच्या पट्ट्याला अडकवलं. तो भाच्याच्या गुडघ्यांमध्ये लोंबणार, भाचा दोरावर मागे रेलून पाय खडकाला लावत उतरणार, असा बेत. भाचा रेललाही. ब्रूनोने चारी पाय काठावर रोवले. बूट घसरले, ते त्याने एकेक करून झटकले आणि नख्यांनी खडक धरला. बत्तीस किलोंचे एकदम साठ किलो झाले. भाचा "कम ऑन, गुड बॉय" करत होता. गुड बॉयने पुढे वाकून त्याचं तोंड चाटलं. चष्मा उडाला तो थेट डोहात.

तेवढ्यात बकऱ्या चारणारे एक बाबाजी आले. बराच वेळ काठीवर हनुवटी टेकून बघत राहिले.

"कायले लटकवता जी त्याले? चोरी केलन का त्यानं?"

मी म्हटलं, "खाली न्यायचंय, बाबाजी."

"मंग इकून वाट आहे ना." काठीने त्यांनी डावीकडे दाखवलं. करवंदीच्या जाळीआडून बकऱ्यांची वाट वळसे घेत खाली गेली होती, आणि त्यांची एक बकरी ती उतरून डोहावर पाणी पीत उभीही होती.

भाच्याने हार मानली नाही. फक्त ब्रूनोला सोडलं. एकटा मात्र झकास उतरला, हे कबूल करायला हवं. पाय ठाम, हात शांत, दोर हातातून नुसता वाहत होता. फक्त त्याला बघायला खाली ब्रूनो आधीच हजर होता. हुक निघाल्याबरोबर तो बकऱ्यांच्या वाटेने सुटला होता आणि लॅब्राडॉरच्या जातीला शोभेल अशी उडी डोहात मारून झाली होती. बकरी निषेध नोंदवून निघून गेली. ब्रूनोने अंग झाडलं तेव्हा भाचा पहिल्यांदा भिजला.

त्या आनंदात त्याने दोराचं टोक ओढलं. अख्खा दोर येनावरून सळसळत खाली आला आणि त्याच्या पायाशी पडला. मग त्याला आठवलं, गाडीची किल्ली वर, माझ्या पिशवीत. पुढे दुसरा कडा नव्हताच. नाला सरळ धानाच्या बांधीत शिरत होता. दोराचं ओझं खांद्यावर घेऊन भाचा बकऱ्यांच्या वाटेने वर आला. पुढे ब्रूनो, मागे तो. चष्मा सापडला नाही, म्हणून गोंदियापर्यंत गाडी मला चालवावी लागली.

तर वाचकहो, हाजरा बघायचा असेल तर पावसाळ्यात किंवा दिवाळीच्या आगेमागे या, उन्हाळ्यात नुसता खडक दिसेल. दोरावरून उतरायची हौस असेल तर परवानगी काढा, जाणकार माणूस सोबत ठेवा आणि खुशाल उतरा. कुत्र्याला मात्र घरी भात घालून या. आणलाच तर त्याचा पट्टा हातातून सोडू नका आणि दिवस कलायच्या आत त्याला गाडीत बसवा. फाटकावरचा माणूस चेष्टा करत नव्हता.