भोंगा आणि भैरवी

सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. कोरोनात शाळा मोबाइलवर आली. पुढे शाळा परत गेली, मोबाइल घरातच राहिला. तेव्हा 2022 मध्ये गावाने ठरवलं : संध्याकाळी 7 वाजता भोंगा वाजला की टीव्ही-मोबाइल बंद, साडेआठला दुसरा वाजला की चालू. मधल्या दीड तासात पोरांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी एकमेकांशी बोलायचं.

ही बातमी मी रात्री पावणेएकला, अंथरुणात पडून, मोबाइलवर वाचली. डोळे भरून आले. (ते बहुधा स्क्रीनमुळे.) लगेच सोसायटीच्या ग्रुपवर टाकली. दोन मिनिटांत 31 अंगठे उगवले. म्हणजे रात्री एकला अख्खी सोसायटी टक्क जागी!

सकाळी ‘शुभ प्रभात’च्या फुलांखालून मुद्दे निघाले. भोंगा नको, कारण शहरात भोंगा म्हटलं की लोक आधी पक्ष कोणता ते विचारतात. सात ते साडेआठ नको, कारण बी विंगमधल्या काकूंची मालिका. ती पाच वर्षं सुरू आहे आणि काकूंच्या मते गोष्ट आत्ता कुठे रंगात येते आहे. एका उत्साही तरुणाने मोबाइल कमी वापरण्यासाठी एक ॲप सुचवलं. ते सगळ्यांनी घेतलं. आता आम्ही दर अर्ध्या तासाने ते उघडून आपला वापर किती कमी झाला ते बघतो.

पोरांना बोलण्यात अर्थ नाही. व्यसनं आम्हीही केली. पत्ते कुटले, रात्र-रात्र नाटकं पाहिली. पण नाटकाचा पडदा पडायचा. गवयाने भैरवी आळवली की लोक चपला शोधायला लागायचे. पेपरला शेवटचं पान होतं. दूरदर्शन तर रात्री स्वतःच झोपायला जायचं, प्रेक्षकाला निर्णय घ्यावाच लागत नसे. मोबाइलच्या मैफलीत भैरवीच नाही. खाली सरकवत राहा, पान संपणारच नाही, ही युक्ती 2006 मध्ये एझा रॅस्किन नावाच्या एका अमेरिकी माणसाने काढली. पुढे त्याला पश्चात्तापही झाला. तसं त्याने सांगितलेला व्हिडिओ मी तीनदा पाहिला. त्याच्याखाली मिसळीचा आला, मग कोकणातल्या होडीचा, मग एका मांजराचा. मांजर फार गुणी होतं.

नेटफ्लिक्सचे तेव्हाचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज 2017 मध्ये म्हणाले होते की आमची स्पर्धा झोपेशी आहे. आमच्या घरी झोपेची अनामत रक्कम कधीच जप्त झाली.

अखेर एका रविवारी प्रयोग ठरला. भोंग्याऐवजी वॉचमनची शिट्टी. सातला शिट्टी वाजली, सगळे खाली जमले. पहिली दहा मिनिटं कोणी काही बोलेना. ग्रुपवर रोज तलवार घेऊन उतरणारे ए विंगमधले काका प्रत्यक्षात इतके हळू बोलतात हे त्या दिवशी कळलं. मग कुणीतरी धीर करून सकाळी आलेला विनोद तोंडी सांगितला. दुसऱ्याने ‘हा जुना आहे’ म्हणून त्याहून जुना सांगितला. एका आजोबांनी मधुमेहावरचा रामबाण उपाय सांगितला आणि सवयीने शेवटी म्हणाले, ‘‘दहा जणांना पाठवा.’’ तेवढ्यात कुठेतरी ‘टिंग’ झालं. चौदा हात चौदा खिशांकडे गेले. मंदिरातली घंटा होती.

साडेआठची शिट्टी वाजली म्हणतात. मी तोवर वर आलो होतो. कार्यक्रम फारच यशस्वी झाला. ‘मोबाइलमुक्त संध्याकाळ’ या मथळ्याखाली ग्रुपवर 62 फोटो आहेत. पहिल्यावर वेळ दिसते : 7 वाजून 4 मिनिटं.