तीन शिट्ट्या, तीस बैठका

आपण किती वाजता उठलो हे न विचारता सांगणारा माणूस तुमच्याही सोसायटीत असणार. आमच्याकडच्याला आम्ही नेमकाका म्हणतो. लिफ्टमध्ये भेटल्यावर तुम्ही ‘काय काका, कसं काय?’ म्हणालात, की उत्तर येतं, ‘चार चोवीस!’ हे जूनमधलं उत्तर. जानेवारीत तेच ‘साडेपाच’ होतं. कारण ब्राह्ममुहूर्त सूर्योदयाच्या एक तास छत्तीस मिनिटं आधी सुरू होतो, आणि पुण्यात सूर्य जूनमध्ये सहाच्या सुमारास उगवतो, तर जानेवारीत सातनंतर. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातला दुसराच अध्याय दिनचर्येचा आहे, हेही मला लिफ्टमध्येच कळलं. मला पहिल्या मजल्यावर उतरायचं होतं. मी पाचव्यापर्यंत जाऊन आलो.

काका बँकेतून निवृत्त झाले आणि त्यांनी स्वतःचं खातं उघडलं. त्यासाठी त्यांना कागद हवा होता, म्हणून त्यांनी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर अतिक्रमण केलं. कालनिर्णयचे चौकोन ही घरातल्या बाईची मालमत्ता असते. गॅसचा नंबर लावला ती तारीख, कामवाल्या मावशींची दांडी, दुधाचा खाडा, सगळं तिथे. काकांनी त्याच चौकोनांत लाल पेनाने स्वतःचे खाडे मांडायला सुरुवात केली. महिनाअखेर काकूंनी खाडे मोजले आणि दुधाच्या बिलातून तेवढे पैसे कापले. दूधवाला पोरगा आईची शपथ घेऊन सांगत होता की मी रोज आलो. बरीच चौकशी झाल्यावर उघड झालं, की चुकला होता तो प्राणायाम. तेव्हापासून त्यांच्या भिंतीवर दोन कालनिर्णय आहेत.

हे सगळं मी सोसलं असतं. पण कुकर!

नवी सवय जुन्या सवयीला बांधून टाकावी, असं शास्त्र आहे. जेम्स क्लिअरच्या 2018 सालच्या गाजलेल्या पुस्तकात ते आहे, आणि ते खोटं नाही. अडचण अशी झाली, की काकांच्या जुन्या सवयी लवकरच संपल्या. दात घासताना एका पायावर उभं राहणं झालं. चहाबरोबर अक्रोड झाले. मग उरली कुकरची शिट्टी. एका शिट्टीला दहा बैठका. वरणभाताच्या तीन शिट्ट्या, म्हणजे तीस. छोल्यांच्या दिवशी काका जिना आडवे होऊन उतरतात. राजम्याच्या दिवशी उतरतच नाहीत. काकूंच्या हाती हे एवढं शस्त्र आलं, की भांडण झालं तर त्या बोलत नाहीत, शांतपणे काबुली चणे भिजत घालतात.

बरं, शिट्टी घरचीच हवी असंही नाही. डक्टमधून आलेली कोणाचीही चालते. पुतणीला बघायला मंडळी आली होती. मुलाच्या वडिलांनी शिक्षणाचं विचारलं. काका म्हणाले, ‘एम.कॉम., शिवाय...’ आणि खालच्या मजल्यावर शिट्टी झाली. काका पुतणीचे उरलेले गुण वर-खाली होत सांगू लागले. हा यांच्याकडचा कुळाचार असावा अशा समजुतीने मुलाचे वडीलही उठून उभे राहिले. लग्न जमलं. एकदा एका घरी आम्ही भेटायला गेलो होतो, सतरंजीवर सगळे खाली मान घालून बसलेले. शेजारी शिट्टी झाली आणि काका अर्धे उठले. त्यांना शोक अनावर झाला असं वाटून दोघांनी धरलं, एकाने पाणी आणलं. काका घोट घेत पुटपुटले, ‘एक.’

सवय एकवीस दिवसांत लागते, असं ते मला वारंवार सांगत. हा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनच्या 1960 सालच्या पुस्तकातून निघालाय. त्याचं निरीक्षण एवढंच होतं, की रुग्णांना नवा चेहरा अंगवळणी पडायला किमान एकवीसेक दिवस जातात. त्यात बैठका कुठेच नाहीत. मी खवचटपणे त्यांना लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधला अभ्यास सांगितला. 96 लोक घेतले होते, सवय रुळायला सरासरी 66 दिवस लागतील असं निघालं. कोणाला 18 पुरावेत, कोणाला 254. वाटलं, ऐकून माणूस जरा सैल पडेल. काकांनी 254 धरले. एखादा खाडा पडला म्हणून सवय मोडत नाही, असंही त्या अभ्यासात दिसलं होतं. ते मी सांगत असतानाच नेमकी शिट्टी झाली.

काकू हे सगळं भाजी निवडत ऐकतात. त्यांनी सोळा सोमवार केले, चातुर्मासात कांदा-लसूण सोडला, पण त्या म्हणतात, ‘आमच्या नेमाला उद्यापन तरी असतं. तुमचं उद्यापन कधी?’ त्या स्वतः इतकी वर्षं पाचला उठत आल्या. त्याला त्या दिनचर्या म्हणत नाहीत. त्याला त्या डबा म्हणतात.

आता एक गोष्ट नाइलाजाने सांगतो. तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त हेडबाई एकट्या राहतात. मुलगा न्यू जर्सीत. त्यांना उद्देशून ग्रुपवर आम्ही सर्वांनी ‘काहीही लागलं तर निःसंकोच सांगा’ असं लिहून जोडलेले हात टाकले होते. नेमकाकांनी काहीच लिहिलं नाही. त्यांनी बाईंना पर्वतीला बांधून टाकलं. पर्वतीच्या 103 पायऱ्या चढून-उतरून आलं, की घरात शिरण्याआधी बाईंची बेल वाजवायची. आतून ‘आहे!’ ऐकू आलं, की लाल खूण. पहिल्या आठवड्यात बाईंनी सेक्रेटरीकडे लेखी तक्रार केली. नंतर त्यांचं ‘आहे’ बेलच्या आधीच येऊ लागलं.

पावसाळ्यात काका तापाने आडवे झाले. त्या सकाळी बेल वाजली नाही. लिफ्ट बंद, बाईंचे गुडघे गेलेले. तरी त्या काठी टेकत दोन मजले चढून काकांच्या दारात उभ्या. ‘आज घंटा का नाही?’ आत जाऊन त्यांनी दोनांपैकी बरोबर कालनिर्णय शोधला, पेन मागितलं आणि आपल्या रकान्यात स्वतः खूण केली. म्हणाल्या, ‘मी आले ना, मग खाडा नाही धरायचा.’ तेवढ्यात डक्टमधून शिट्टी आली आणि पांघरुणाखाली काकांचे गुडघे हलू लागले.

बाईंनी तिथूनच फर्मान काढलं. ताप उतरेपर्यंत बिल्डिंगमध्ये कुकर लागणार नाही. हेडबाईंच्या आवाजापुढे कोण बोलणार? आमच्याकडे तूरडाळ पातेल्यात चढली. तास झाला तरी दाणा बोटाला दाद देईना. गॅस नुसता जात होता. बायको म्हणाली, ‘खिडकी घट्ट लावून एकच शिट्टी करूया का?’ मी नको म्हणालो. का म्हणालो, देव जाणे. भात कच्चा, वरण पाणचट, तरी एका घरातून शिट्टी येईल तर शपथ!

ताप उतरला त्या संध्याकाळी जिन्यातून आवाज आला, ‘अरे, कोणाच्याच घरी कुकर कसा लागत नाही? गॅस संपलाय का सगळ्यांचा?’

बायकोने तत्काळ राजमा भिजत घातला.